अडीच सुती बोल्ट: गवताच्या मशीनच्या स्पिंडलची नोंदवही

शनिवार, 8 जून 2024

तीन आठवडे डाव्या पात्याकडून घरघर येत होती. मी दुर्लक्ष करत होतो. आज ती कानाला लावलेल्या मफमधूनही ऐकू आली, तेव्हा मशीन गॅरेजमध्ये घेतलं.

मशीन जुनं आहे, बसून चालवायचं, 42 इंची डेकचं (डेक म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं झाकण). इथे नॉर्थ कॅरोलिनात रॅलेच्या बाहेर घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने तीनशे डॉलरला देऊन टाकलं होतं. दोन पाती, दोन स्पिंडल. स्पिंडलची रचना साधी. ॲल्युमिनियमचं ओतीव हाउसिंग, त्यात दोन बेअरिंग, मधून शाफ्ट, वर पुली, खाली पातं. पट्टा काढून दोन्ही पुल्या हाताने फिरवल्या. उजवी गप्प फिरली, डावीत वाळू भरल्यासारखी वाटली. म्हणजे बेअरिंग गेलं.

स्पार्क प्लगची वायर काढून लांब बांधली (हे आधी, बाकी सगळं नंतर). डेक बाहेर ओढून उभा केला. सगळ्यात हट्टी निघेल तो पात्याचा मधला बोल्ट, असं मी धरून चाललो होतो. पातं आणि डेक यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून लांब पाना लावला, तर एका हिसक्यात सुटला. अवघड काम संपलं असं वाटलं आणि मी सैल झालो.

हाउसिंग डेकला चार बोल्टनी धरलेलं असतं, वरून. पहिला आला. दुसरा आला. तिसरा प्रत्येक फेऱ्याला कुईं कुईं करत आला. चौथा अर्धा फेरा येऊन थांबला. मी पान्यावर पाइप चढवला. मग तो एकदम हलका झाला आणि मला आनंद झाला. सुटणारा बोल्ट आणि पिळवटणारा बोल्ट हाताला पहिल्या क्षणी सारखेच लागतात. फरक कळला तेव्हा डोकं पान्यात होतं आणि दांडा आत.

डोकं गेल्यामुळे हाउसिंग डेकपासून सुटलं, तेवढीच सोय. आता तुटका दांडा हाउसिंगवर डेकच्या जाडीइतका, साधारण 3 मिलिमीटर, वर दिसतो आहे.

रविवार, 9 जून

साडेदहाला न्यूयॉर्कला भारत–पाकिस्तान. पाऊस, उशीर, मग आपण 119 मध्ये सगळे बाद. दोन डावांच्या मधल्या वेळात मी गॅरेजमध्ये गेलो आणि रागाच्या भरात त्या 3 मिलिमीटर दांड्याला लॉकिंग पकड लावली. काल रात्री भेदक तेल मारलं होतं, त्यावर माझा भलता भरवसा. पकड चावली, दांडा किंचित वळल्यासारखा झाला आणि कट्! आता तो हाउसिंगच्या पृष्ठभागाला सपाट आहे. एका बाजूला तर खाली गेलाय. वरचा दांडा हीच माझी सगळ्यात चांगली संधी होती, हे ती घालवल्यावर कळलं. त्यावर नट बसवून वेल्ड करता आलं असतं. निदान आधी तापवायला तरी हवं होतं.

मॅच आपण 6 धावांनी जिंकली. मला फार आनंद घेता आला नाही.

दुपारी आप्पांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा, पण मॅचमुळे जागे होते. आप्पांनी सारी हयात कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, लेथवर काढली. ऑइल इंजिनाचे पार्ट करायचे. व्हिडिओवर तुटका बोल्ट दाखवला.

"केवढा हाय?"

"पाच सोळांश इंच."

"मग अडीच सुती म्हण की लेका!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सोळांश म्हणजे अडीच. मी डिप्लोमाला मिलिमीटरवर वाढलो. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात 5/16, 11/32, 3/8 अशा खणांसमोर उभा राहून यातलं मोठं कोणतं याचा हिशेब मला मनात करावा लागतो. आप्पा इथे कधी आलेले नाहीत. पण तो सगळा रॅक त्यांना तोंडपाठ आहे. दोन सुती, अडीच सुती, तीन सुती, चार सुती. भारताने मेट्रिक कधीच घेतलं, पण उद्यमनगरात सूत अजून जिवंत आहे. आणि अमेरिकेने तर काही घेतलंच नाही. त्यामुळे या दोघांचं माझ्याहून जास्त जमतं.

आप्पांनी मग विचारलं, "पाइप का घातलास?" याला उत्तर नव्हतं.

मंगळवार, 11 जून

ऑफिसनंतर अर्धा तास. फक्त बघितलं.

आलेल्या तीन बोल्टच्या आट्यांत पांढरी भुकटी आहे, खरवडली की पावडरसारखी पडते. ती ॲल्युमिनियमची. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचं घर आणि मध्ये पाणी, म्हणजे एक बारीक बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, आणि झिजून जे तयार होतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा खातं. पुढे सरायला जागा नसते, म्हणून ते बोल्टला चारी बाजूंनी आवळतं. भर म्हणजे हे बोल्ट कारखान्यात स्वतःच आटे पाडत आत गेलेले असतात. आधी पाडलेल्या आट्यांत बसलेले नसतात. त्यामुळे मोकळीक मुळातच नाही.

पाणी आलं कुठून? डेकवर नळी जोडायचं तोंड आहे. आधीच्या मालकाने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की तो दर वेळी कापणीनंतर डेक धुवायचा. बेअरिंगही त्यातच गेलं असणार. मी मात्र ओलं गवत तसंच चिकटून ठेवणाऱ्यांतला. म्हणजे मीही साळसूद नाही.

भेदक तेलाबद्दल माझं मत बदललंय. लोखंडाच्या गंजात ते शिरतं. या पांढऱ्या भुकटीने ठासलेल्या आट्यांत शिरायला फट आधी कुणीतरी करून द्यायला हवी.

बायकोने विचारलं, नवा स्पिंडल केवढ्याला? 38 डॉलर. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी ऐकलं.

गुरुवार, 13 जून

जुनी बेअरिंग ठोकून बाहेर काढली. दोन्ही 6203. एकाचं रबरी सील फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी तपकिरी चहा. आप्पांना नंबर सांगितला तर म्हणाले, पाण्याच्या मोटरीला हेच घालतो की आपण.

तुटलेला भाग तिरका होता. तसाच ड्रिल लावला तर तो उताराने घसरतो, आणि शेजारी मऊ ॲल्युमिनियम असल्यामुळे बिट खुशाल तिकडे जातं. म्हणून आधी बारीक कानशीने सपाट केलं. कानस ॲल्युमिनियमच्या कडेला लागू नये म्हणून भोवती टेप. मग सेंटर पंच. पहिला ठोका हलका, भिंगातून बघितलं, केंद्र अर्धा मिलिमीटर चुकलेलं. पंच तिरका धरून खूण ओढून मध्ये आणली, मग जोराचा ठोका.

आप्पांचा आग्रह बुशचा, म्हणजे ड्रिलला मधोमध धरून ठेवणाऱ्या नळीचा. "लेथवर पाच मिनिटांचं काम. भाईर डेकच्या भोकाएवढा, आत ड्रिलएवढा. बोल्टच्या मधोमधच जाणार." लेथ मजजवळ नाही. पण छंदवाल्यांच्या दुकानात पितळेच्या नळ्या मिळतात, एकात एक बसणाऱ्या, इंचाच्या बत्तिसाव्या भागाने वाढत जाणाऱ्या. डेकचं भोक 11/32. तिथून खाली 5/32 पर्यंत सात नळ्या एकात एक सरकवल्या. सगळ्यात आतल्या नळीतून 1/8 चा बिट, म्हणजे एक सुती, अगदी अलगद जातो. हाउसिंग परत डेकला तीन जुन्या बोल्टनी बांधलं आणि चौथ्या भोकात हा पितळी बुश उभा केला. आप्पांना फोटो पाठवला. उत्तर आलं: "झकास. पण पत्रा पातळ हाय. नळी डुलंल."

शनिवार, 15 जून

आजची नोंद मोठी आहे, कारण काम कमी झालं.

डावे बिट आणले होते, म्हणजे उलट्या दिशेने कापणारे. यांचा फायदा असा की ड्रिल मारतानाच बोल्टला सुटायच्या दिशेने ओढ बसते. कधीकधी भोक पाडता पाडता बोल्ट स्वतःच वर येतो, म्हणतात. माझा आला नाही. एक सुती भोक पितळी बुशमधून पाडलं, हळू, दर काही सेकंदांनी बाहेर काढून कीस झटकत. कीस बघत राहिलो. राखाडी, कुरकुरीत असेपर्यंत ठीक. चकचकीत चंदेरी आला तर बिट ॲल्युमिनियममध्ये गेलं. सगळा राखाडी आला. मग बुश काढून दीड सुती, म्हणजे 3/16. तळाशी कीस थोडा उजळ वाटला. मी स्वतःला सांगितलं की उजेडाचा खेळ आहे.

मग उष्णता. ॲल्युमिनियमची अडचण ही की ते लाल होत नाही. लोखंड तापलं की सांगतं. हे मुकाट्याने तापतं आणि एकाएकी ढासळतं. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी. तापमान मोजायला बायकोचा डोशाच्या तव्यासाठी घेतलेला इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला (विचारून). तो 58 दाखवत होता आणि हाउसिंगवर टाकलेला पाण्याचा थेंब नाचत होता! चकचकीत धातूवर हे यंत्र खोटं बोलतं. काळ्या मार्करने रुपयाएवढा ठिपका रंगवला आणि त्यावर नेम धरला, तेव्हा आकडा शहाण्यासारखा आला.

170 अंशांपर्यंत नेलं. हिशेब असा: ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात 23 भाग फुगतं, लोखंड साधारण 12. फरक 11. बोल्ट 8 मिलिमीटरचा, तापमानाची वाढ 140 अंश. दोन्ही सारखे तापले तरी भोक बोल्टपेक्षा 12 मायक्रॉनने जास्त मोठं होतं. आप्पा म्हणाले, तेवढ्यात लई काही हुतं. मग त्यांचा उपाय: गरम असताना मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून त्या फटीत ओढलं जातं. खरंच गेलं, डोळ्यांदेखत. ज्योत बंद करून मगच. एक सूचना स्वतःसाठी: आदल्या दिवशी ब्रेक क्लीनरने धुतलं होतं, तो क्लोरीन नसलेला होता म्हणून बरं. क्लोरीनवाला तापला तर विषारी वायू होतो.

दोनदा तापवलं, दोनदा थंड केलं, दोनदा मेण. मग एक्स्ट्रॅक्टर, तुटका बोल्ट आतून धरून बाहेर काढायचं हत्यार. हा उलट्या पिळाचा, निमुळता, कडक पोलादाचा. घट्ट बसेपर्यंत फिरवला, मग टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) हँडलने जोर लावला. पाव इंच हँडल फिरलं आणि आतून "टिक" असा आवाज आला.

इथे थांबलो. हा दिवसातला एकमेव शहाणपणा. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर त्याला साधं ड्रिल शिवत नाही, मग खेळच वेगळा. शिवाय त्याची पाचर बोल्टला आतून फुगवते, म्हणजे जो आधीच आवळलेला आहे त्याला आणखी आवळते. हळूच उलटा फिरवून बाहेर काढला. टोकाला केसाएवढी चीर होती.

रविवार, 16 जून

फादर्स डे. लेकीने हाताने काढलेलं कार्ड दिलं. त्यात मी मशीनखाली आडवा आणि फक्त पाय बाहेर. साम्य चांगलं आहे.

बोल्ट काढायचा नाद सोडला. आता तो आतून संपवायचा. दोन सुती बिट, 1/4 इंच. या बोल्टच्या आट्यांचा तळ 1/4 च्या जेमतेम वर असतो, म्हणजे केंद्र बरोबर असेल तर अंड्याच्या टरफलाएवढं लोखंड राहतं आणि टोकदार छिन्नीने आत दुमडून निघतं.

वरचे तीन-चार आटे तसेच निघाले. छिन्नीने टोक सुटं केलं, बारीक पकडीने धरलं आणि लोखंडाचा पीळ बॉलपेनच्या स्प्रिंगसारखा फिरत वर आला. मागे ॲल्युमिनियममध्ये स्वच्छ आटे. बायकोला बोलावून दाखवले.

खाली मात्र एका बाजूला बिट थेट ॲल्युमिनियममध्ये गेलेलं, आणि समोरच्या बाजूला लोखंडाची चंद्रकोर शिल्लक. आप्पांनी सांगितलेलं तेच. पातळ पत्र्यात नळी डुलली. दोन अंश कललं तर तोंडाशी काही कळत नाही, पण 20 मिलिमीटर खोल गेल्यावर 0.7 मिलिमीटर चुकतं. कालचा उजळ कीस उजेडाचा खेळ नव्हता.

मंगळवार, 18 जून

तीन वाटा. तारेच्या आट्यांचं इन्सर्ट बसवायचं, ज्याने ॲल्युमिनियममध्ये उलट जास्त ताकद येते. किंवा आरपार भोक पाडून खालून नट लावायचा. पण तो नट पात्याच्या बाजूला येतो, तिथे गवत गुंडाळणार. किंवा पुढच्या मापाचे आटे.

आप्पा फोनवर एका श्वासात: "अडीच सुतीचं भोक, तीन सुतीचा टॅप. काय इचार करतोस?"

तक्ता बघितला. 3/8 इंची, इंचाला 16 आट्यांच्या टॅपला आधी भोक पाडायचं 5/16 चं. तंतोतंत. ज्या मापाचा जुना बोल्ट होता तेवढं भोक, आणि वरचं माप त्यात पडतं. हे मला तक्त्यातून कळतं, त्यांना न बघता. हाउसिंगच्या कानाची, म्हणजे बोल्ट ज्यात जातो त्या भागाची, जाडी मोजली, बाहेरून 17 मिलिमीटर. 3/8 चा बोल्ट गेल्यावर प्रत्येक बाजूला साडेतीनहून थोडी जास्त भिंत उरते. चालेल.

पुढचं अंगण नऊ इंच वाढलंय.

शनिवार, 22 जून

काल वटपौर्णिमा. बायकोने कुंडीतल्या फांदीला दोरा गुंडाळला आणि म्हणाली, सात जन्म ठीक, पण गॅरेज वेगळं मिळू दे.

शेजारच्या आजोबांकडे उभं ड्रिल मशीन आहे. हाउसिंग घेऊन गेलो. आधी चंद्रकोर कार्बाइडच्या बारीक बरने (फिरत्या कानशीने) घासून काढली, नाहीतर कडक लोखंड बिटला परत मऊ बाजूला ढकलणार. हाउसिंग टेबलावर क्लँप केलं आणि 5/16 चं भोक सरळ उतरवलं. आजोबा काही न बोलता शेजारी उभे राहिले. शेवटी तळातून उरलेला लोखंडाचा तुकडा टेबलावर पडला, तांदळाच्या दाण्याएवढा. दोन आठवडे याच्याशी भांडलो.

आटे पाडताना आप्पांचं रॉकेल. ॲल्युमिनियमला तेच चांगलं म्हणतात, कीस चिकटत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. टॅप सरळ आहे का हे दोन बाजूंनी गुण्याने बघितलं. लोण्यात गेल्यासारखा गेला. या वेळी हलकं लागणं खरं होतं.

बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये होती. हाउसिंग गरम करून सोडली, तर ती आपल्या वजनाने टप्पकन बसली, हातोडी लागलीच नाही. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) विसरलो नाही. तो नसेल तर नट आवळताना दोन्ही आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवी बेअरिंग महिन्यात जातात. डेकचं चौथं भोक 13/32 केलं. नवा बोल्ट, डोक्याला 9/16 पाना, आधीच्यांना अर्धा इंच. मोठं डोकं पुलीला घासेल अशी धास्ती होती. पुली बसवून बघितली, 3 मिलिमीटर मोकळी जागा.

बाकीचे तीन बोल्ट नवे, आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट आत धरू नये म्हणून लावायचा लेप) लावून. हे घालताना आधी हाताने उलटे फिरवले, जुन्या आट्यांत "टक्" असे बसले की मगच पुढे. सरळ पान्याने घातले तर ते आपल्या सवयीप्रमाणे दुसरेच आटे पाडत जातात. अँटी-सीझमुळे घर्षण कमी होतं, म्हणून मॅन्युअलपेक्षा थोडं कमी आवळलं.

खर्च: पितळी नळ्या 24, डावे बिट आणि एक्स्ट्रॅक्टर 19, टॅप आणि बिट 13, बेअरिंग 14, गॅस 12. एकूण 82 डॉलर. नवा स्पिंडल 38 ला होता. बायकोला वही दाखवलेली नाही.

रविवार, 23 जून

कापलं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, म्हणून आज सगळ्यात वरच्या खाचेवर, उरलेलं बुधवारी. डावीकडून आता फक्त पात्याचा वारा ऐकू येतो. अर्ध्या तासाने थांबून हाउसिंगला हात लावला, कोमट. बोल्टवर मारलेली पांढरी रंगाची रेघ जागच्या जागी.

आता उजवीकडची बारीक कुरकुर ऐकू यायला लागली. आधी डावीच्या गोंगाटात ती दबलेली होती.

शनिवार, 29 जून

उजवा स्पिंडल. बेअरिंग मागवलीच होती. सकाळी सातला सुरुवात.

पाइप घरात ठेवून आलो. डेक काढला, चारही बोल्टच्या कानांवर काळे ठिपके, प्रत्येक कान 150 पर्यंत, मेण, मग थंड होऊ दिलं. परत एकदा. पहिला पाव फेरा मागे, पाव पुढे, परत मागे. भुकटी बाहेर येत राहिली. वीस मिनिटांत निघाला. दुसरा दहा मिनिटांत. तिसऱ्याला तीनदा तापवावं लागलं.

चौथा अर्धा फेरा आला आणि चरकला. तो पाव फेरा परत आत घातला, मेणबत्ती टेकवली आणि पाना काढून बाकावर ठेवला. दहा वाजून गेले होते. आतून लेक ओरडत होती, टॉस आपण जिंकलाय, बॅटिंग घेतलीय, या लवकर. गॅरेजचा दिवा बंद केला.